खरं माप

माझी माय शोभाबाई सारंगखेड्यात ब्लाउज शिवते. मागच्या वर्षी तिच्या छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग सुरतला पंचवीस दिवस रेडिएशनचा शेक दिला. त्या शेकाने डाव्या फुप्फुसाचा तुकडा भाजला गेला. मार्चच्या स्कॅनमध्ये तो नऊ टक्के होता. तेव्हाच डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सहा महिन्यांनी परत मोजू. वाढला नसेल तर उत्तम. वाढला असेल तर गोळ्या, आणि दम लागतो म्हणून पायांचं शिलाई मशीन बंद.

पपा कापूस वेचायच्या मजुरांजवळ थांबले, म्हणून सहा महिन्यांनी मायसोबत नंदुरबारला मी गेले. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुठेही बोलते. एसटीत कंडक्टरशी बोलले, स्कॅन सेंटरच्या काउंटरवर बोलले, शेजारच्या आजोबांना त्यांचा फॉर्मसुद्धा भरून दिला. माय पदराआड हसत होती.

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर दोन फोटो शेजारी लावले. काळ्या फुप्फुसात पांढुरका धूर. मार्चचा थोडा, आजचा पसरलेला. आकडा सतरा.

मी सगळे प्रश्न लिहून नेले होते. वही उघडलीच नाही. समोरच्या कॅलेंडरवर घोड्याचं चित्र होतं, त्याच्या लगामाला किती गोंडे आहेत ते मी मोजत बसले. आठ.

बाई एकदम पुढे झुकल्या. म्हणाल्या, यावेळी सगळं फुप्फुसच लहान दिसतंय, उजवं, शेक न लागलेलंसुद्धा. श्वास पूर्ण भरला नाही की हवा कमी, आणि हवा कमी की फोटो पांढरा दिसतो, मग मशीन जास्त मोजतं. त्यांनी मायला विचारलं, आत सांगितलं तसा दम भरला होता ना?

 माय माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माप देवाना टाईमले कोनी छाती फुगाडस का? माप खोटं निंघस."

खरंच की. आमच्याकडे बाया माप द्यायला आल्या की हिचं पहिलं वाक्य तेच असतं. उगाच ताठ नको, दम सोडून उभी ऱ्हाय. मार्चमध्ये पहिल्यांदाच त्या मशीनमध्ये गेली होती, घाबरून सांगितलं तसं केलं. आता भीती नव्हती, तर प्रामाणिक माप दिलं.

मी हे बाईंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत. परत एकदा घेऊ म्हणाल्या. मशीन चालवणाऱ्या नवनीतदादाने काचेमागचा माइक माझ्यापुढे सरकवला. तुझ्या भाषेत सांग, म्हणाला.

हजार लोकांपुढे माइक धरलाय मी. इथे आवाज सपाट निघाला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"माय, हाई ब्लाउजनं माप नई शे. छाती फुगाड. पुरा दम ले. आते धर."

काचेपलीकडे तिची छाती वर आली आणि थांबली. दादा सेकंद मोजत होता. अकराला तो झालं म्हणाला, आणि माय खोकायला लागली. बराच वेळ खोकली.

नवा आकडा बारा. सतरा नव्हता, पण नऊही नव्हता. बाईंनी गोळ्या लिहिल्या, सहा आठवड्यांच्या. पायांचं मशीन सध्या नको, हातशिलाई चालेल. मी मान हलवत होते. माय विचारत होती, मंग आर्डरी कोनले देऊ?

घरी पोचल्यावर पपांना मीच आकडा सांगितला, बसची वेळ सांगावी तसा. ते कणसं भाजत होते, भाजत राहिले.

मायने खुंटीवरून टेप काढली. शाळेच्या गॅदरिंगचा माझा ब्लाउज हाताने शिवते म्हणाली. तिने टेप माझ्या छातीभोवती घेतली, आणि मी न ठरवता दम भरला, पूर्ण, आणि धरून ठेवला. ती रागावेल वाटलं. ती टेप धरून थांबली. मी अकरापर्यंत मोजलं, पुढेही मोजलं.

मी दम सोडला तेव्हा तिने आकडा लिहिला.