आत्याबाईची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. म्हणजे होते. आता उरलंय ते मनगटाएवढं जाड, वाकडंतिकडं खोड, आणि तेही शेगडीशेजारच्या टोपलीत. पण 'होते' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून 'आहे'च म्हणते.

या मळ्याच्या मालकांनी मला स्वतःच्या हातांनी लावलं. उतारावर आम्ही तीन जातींच्या वेली होतो. वरच्या अंगाला थोरली. तिची वाईन भरदार. मधे धाकटी, तिचा सुगंध असा की तळघराचं दार उघडताच कळावं. आणि अगदी टोकाला, दगडांत, माझी एकच ओळ. माझा रस काळाजांभळा, आणि तुरट इतका की पक्षीसुद्धा एकदा चोच मारून पुन्हा वाटेला जात नसत. मालक मला 'आत्याबाई' म्हणायचे. "लग्नघरात सगळ्यांना टाकून बोलते, पण ती आली नाही तर कार्य उभं राहत नाही," असं म्हणून हसायचे.

दर वर्षी थोरलीची आणि धाकटीची वाईन एकत्र करून झाली, की मालक माझ्या पिंपाकडे वळायचे. थोडीशी घालायचे, चाखायचे, डोळे मिटायचे. मग आणखी थोडी. "हं, आता घर भरलं," म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर ऊन सोसायचे. लोक त्या लाल वाईनची तोंड भरून स्तुती करत. माझं नाव कुणी घेत नसे, आणि मला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

मग मालकांची दृष्टी गेली, पाठोपाठ पायही गेले. त्यांनी खालच्या खोलीत अंथरूण धरलं आणि मळा लेकीच्या हाती आला. लेक कष्टाळू, मनाने चांगली. तिच्यावर धड रागही धरता येत नाही, हेच माझं मोठं दुःख. एके दिवशी एक बडा व्यापारी आला. तिने हौसेने तिन्ही जातींची वाईन वेगवेगळ्या पेल्यांत ओतून त्याच्यापुढे ठेवली. आजवर मला कुणी असं एकटीला पेल्यात ओतलं नव्हतं. थोरलीला त्याने मान डोलावली. धाकटीचा वास घेऊन हसला. माझा घोट मात्र बेसिनमध्ये थुंकला.

"ही वाईन आहे की शाई?"

लेकीचा चेहरा पडला. "बाबांचा जुना हट्ट आहे तो," ती पुटपुटली. "काढूनच टाकणार आहे मी."

आणि काढलंच. साखळी बांधून ट्रॅक्टरने माझी अख्खी ओळ मुळांसकट उपटली. मुळं तुटताना कसा आवाज होतो, ते तुम्हाला सांगत नाही. बाबांना कुणी काही बोललं नाही. त्यांना दिसत कुठे होतं?

पुढची वाईन तयार झाली तेव्हा लेकीने पहिला पेला बाबांच्या हातात दिला. उपटलेली खोडं सरपण म्हणून त्यांच्याच खोलीतल्या शेगडीपाशी आली होती, तिथल्या टोपलीतून मी बघत होते. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ वाट पाहिली.

"पोरी, आज कोण यायचं राहिलंय?"

"सगळे आलेत की, बाबा."

"आत्याबाई कुठाय?"

लेक म्हणाली, "यंदा तिला घड कमी लागले."

"असू दे. म्हातारी झाली असेल, माझ्यासारखी. सांभाळ हं तिला. पाणी फार देऊ नकोस, तिला चालत नाही." त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि पांघरूण ओढून घेतलं. "गारठा वाढलाय गं. एखादं लाकूड टाक."

लेकीने टोपलीत हात घातला आणि नेमकं मलाच उचललं. वाकडं खोड तिने ओळखलं. ती तिथेच खाली बसली आणि आवाज न करता रडली. पुन्हा लावायचं म्हटलं तरी वेल फळाला यायला वर्षं लागतात. बाबांकडे तेवढी वर्षं नाहीत, हे तिलाही कळतं, मलाही.

मित्रांनो, कुणाची पारख करायची तर त्याला त्याच्या माणसांतून बाजूला काढून, एकट्याला पेल्यात ओतून करू नका. एवढंच मागते. माझं काय, माझं संपलंच.

"टाकलंस का गं?" बाबा विचारतात.

"टाकते, बाबा."

शेगडीचं दार उघडतं, मिटतं. बाबा दोन्ही हात पुढे करून शेकत बसतात.

"वा, चांगली ऊब आहे. कसलं लाकूड गं हे?"

लेक त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं करते. मी ओरडून सांगायला जाते, पण नुसतीच तडतडते.