जाळीच्या आतलं गवत

"ओ पिंट्याचे बाबा! बाहेर या आधी! आज घरात पाय ठेवून तं दाखवा तुमी!"

मैना जाळीले धरून बोंबलून राहिली होती. जाळीच्या आत तिचा नवरा श्रावन, पाठीवर फवारनीचा पंप घेऊन उभा. पंपात तननाशक. मैनाच्या मांगं तिच्या बकऱ्या, पोटं खपाटीले गेलेल्या. मी शेजारीन, तिले समजावून घरी न्याले गेल्ती.

ही जागा म्हंजे आमच्या गावाची ई-क्लास. गायरान हो! ज्याले वावर नाई त्याच्या बकऱ्या अठीच जगत. आता सगळीकडं सोलरच्या प्लेटा, अन् भवताल ही तारेची जाळी.

कशा लागल्या ते आयका. ग्रामसभेत सरपंच खुशालरावनं इचारलं, "शेताले दिवसा लाईट पाह्यजे का नाई? हात वर करा!"

सगळ्यात उंच हात श्रावनचा! घरी ना इहीर ना मोटर. पन खुशालरावच्या संत्र्याले रात्री पानी द्याले तोच जाये. थंडीत, चिखलात. एकदा तं साप पायावरून गेल्ता. दिवसा लाईट आली तं आपली रात्रीची आफत गेली, एवढंच त्या भोळ्याच्या डोक्यात. जागा कोनती जाईन, हे तठी कोनी बोललंच नाई.

लाईट आली बाप्पा. आता खुशालराव मोबाईलवरूनच मोटर चालू करते. श्रावनचं रात्रीचं काम गेलं. ज्याले इहीर, त्याले लाईट भेटली. आमाले जाळी भेटली. तुमीच सांगा, हा कुठचा न्याय?

मैना अन् मी गेलो खुशालरावकडं. मैना म्हने, "भाऊ, प्लेटा धुतेत त्या पान्यानं गवत कमरेएवढं झालं. ते तरी कापू द्या."

त्यायनं चहा पाजला. "माह्या हातात काही नाई वो बाई, कंपनीचा नियम हाये. पन श्रावनले तठी कामाले लावून देतो, बस?"

ते काम हे निंघालं, गवतावर तननाशक माराचं.

"नका मारू वो त्या गवताले," मैनाचा आवाज बसला होता. "दोन भारे इकडं फेका न. कोन पाहून राह्यलं?"

श्रावननं खांबावरच्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. "एक काडी बाहेर गेली तं उद्यापासून येऊ नोको म्हने. मंग काय खाशीन?"

"अन् बकऱ्या काय खातीन?"

श्रावन मान खाली घालून पंपाचा दांडा हालवाले लागला.

पन श्रावनचा आवाज बकऱ्याइनं ओळखला होता. आल्या धावत अन् जाळीले तोंडं लावली. कडेचं गवत जाळीतून बाहेर आलेलं, अन् फवारा नेमका तठीच पोचलेला.

"हाकल त्याइले!" श्रावन आतून वरडला. "जहर हाये व, हाकल!"

आताच त्या गवतासाठी हात जोडनारी मैना काठी घेऊन आपल्याच बकऱ्याइले मारत सुटली. मारे अन् रडे. "नोको खाऊ व माय, नोको खाऊ."

आमी दोघीनं बकऱ्या हाकलत घरी आनल्या. घरी त्याइच्यापुढं टाकाले काही नव्हतं.