पाठीमागचा आडोसा

जावा जावा उभा दावा, ही म्हण ज्याने काढली त्याने या दोघींना सायकलवर पाहिलं नव्हतं. घरात थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. जिन्यात गाठ पडली तर एक भिंतीला चिकटायची आणि दुसरी छताकडे बघत उतरायची. अबोला इतका पक्का की गॅस संपल्याचा निरोपसुद्धा नवऱ्यांमार्फत वर जायचा आणि त्यांच्याच मार्फत खाली यायचा. पण सकाळी कामाला निघाल्या की तलावाच्या बांधावर दोघींच्या सायकली अशा एकामागे एक लागायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे.

प्रेमबीम काही नव्हतं, वारा होता. त्या दिवसांत बांधावर माणूस सरळ उभा राहील तर शपथ. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला माळ, मध्ये आडोशाला एक झाड नाही. पुढची सायकल वारा अंगावर घेते आणि मागचीला तेवढाच दम मिळतो. म्हणून घरापासून पंपाच्या खोलीपर्यंत थोरली पुढे आणि तिथून दवाखान्याच्या फाटकापर्यंत धाकटी पुढे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ठरवायचं तर बोलावं लागलं असतं.

दोघी दवाखान्याच्या धुलाईखात्यात होत्या. थोरलीचं काम इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर. ओलसर चादर दोन्ही टोकांना धरून गरम रुळांत सरकवायची, ती आत गेली की पुढची उचलायची, आणि हे सगळं दिवसभर उभ्याने. उभं राहून राहून तिच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. रात्री अंथरुणावर पडली तरी पाय उभेच आहेत असं तिला वाटायचं. अशात रफूच्या खोलीतली शिवणकाम करणारी बाई निवृत्त झाली. त्या खोलीत एक शिलाई मशीन, एक खिडकी आणि एक खुर्ची. थोरलीने जन्मात कुणाचा हेवा केला नव्हता, पण त्या खुर्चीचा केला होता.

सुपरवायझरबाईंनी शनिवारी तिला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तुम्ही बसा तिथे. पण पाळी सुरू व्हायच्या आत मला तुम्ही खुर्चीत दिसायला पाहिजे. रांगेत आणखी दोघी आहेत, उशीर झाला तर माझं काही चालणार नाही."

"दिसेन," थोरली म्हणाली. रविवारभर ती घरात कुणावर ओरडलीसुद्धा नाही.

आणि सोमवारी वारा असा सुटला की जणू तिचीच वाट बघत होता. बांधावर चढताच सायकल जागच्या जागी डुलायला लागली. थोरलीने हँडलवर छाती टेकली, डोळे बारीक केले आणि पायडल मारायला लागली. रात्री झोप धड नव्हती आणि सकाळी पोटात चहाशिवाय काही नव्हतं. प्रत्येक फेऱ्याला गुडघा कुरकुरत होता. पंपाची खोली दिसायला लागली तेव्हा तिला वाटलं, आता तेवढी आली की सुटले, मग धाकटी बघेल.

तेवढ्यात मागून हाक आली. "ताई!"

वाऱ्याने निम्मी खाल्लेली, पण हाकच. वर्षभरात त्या तोंडातून हा शब्द निघाला नव्हता. थोरलीची मान आपोआप वळायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. आज ताई आठवली होय? आज पुढे व्हायचा कंटाळा आला असेल. की मला खुर्ची मिळतेय ते बघवत नाही? तिने मान सरळ केली आणि पायडल मारत राहिली.

कारण ते वर्षापूर्वीचं बोलणं तिच्या मनात अजून जसंच्या तसं होतं. सासरे अंथरुणाला खिळले होते. एका रात्री त्यांच्याकडे बघायची पाळी थोरलीची होती. म्हाताऱ्याने पाणी मागायला हाक मारली, कुणी आलं नाही म्हणून स्वतःच उठायला गेला आणि पडला. त्यातून तो पुन्हा सावरला नाही. थोरली शेजारच्याच खोलीत होती, पण दिवसभर चादरी ओढून आलेली बाई ती, मेल्यासारखी झोपली होती. आणि भेटायला आलेल्या चार लोकांत धाकटी म्हणाली होती, "हाक ऐकू आली असणार. उठायचा कंटाळा आला असेल." चार लोक काही बोलले नाहीत. खाली बघत बसले, आणि तेच जास्त झोंबलं.

पंपाच्या खोलीपाशी थोरली सवयीने कडेला झाली. धाकटी पुढे आली नाही. नको येऊस, थोरली मनात म्हणाली, तुझ्यावाचून अडलंय थोडंच. उरलेला सगळा बांध तिने एकटीने वारा खात काढला. जीव मेटाकुटीला आला, तोंडाला कोरड पडली, पण वेळेत फाटकाशी पोचली. मग उतरली आणि मागे वळून बघितलं. म्हटलं, आज एकदा तोंड उघडायचंच, दोन शब्द सुनावायचे.

बांध रिकामा होता.

"आज एकट्याच?" पहारेकऱ्याने विचारलं.

थोरलीने फाटकातून आत बघितलं. रफूच्या खोलीत दिवा लागलेला इथूनच दिसत होता. आत जायला फार तर पन्नास पावलं. कुणाला तरी पाठवावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण काय सांगून पाठवायचं? तिला रडायला आलं. धाकटीसाठी नव्हे, खरं सांगायचं तर खुर्चीसाठी. मग तिने सायकल वळवली.

जाताना पायडल मारावं लागलं नाही. वाराच ढकलत होता, आणि हाच वारा परतताना तोंडावर येणार हे तिला दिसत होतं.

धाकटी पंपाच्या खोलीच्या पलीकडे, घराच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला बसली होती. गळ्यातला स्कार्फ चाकात गुंतून ती आपटली होती. कोपर सोलवटलेलं, मानेवर लाल वळ, आणि घोटा सुजून टम्म. सायकल उताराला आडवी पडली होती.

"पाय टेकवतोय का?" थोरलीने विचारलं. वर्षाच्या अबोल्यानंतरचं हे पहिलं वाक्य.

"नाही."

थोरली वाकून घोटा बघायला लागली. धाकटी दात आवळून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या खुर्चीचं काय?"

"बसली असेल दुसरी कुणी."

"मी हाक मारली होती. वाऱ्यात ऐकू आली नसेल तुम्हाला."

वाट मोकळी करून दिली होती तिने. नुसतं हो म्हणायचं होतं. थोरलीही तेच म्हणणार होती, पण खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते आणि ती बांधावर संपली होती.

"आली होती," ती म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"मामंजींची नव्हती आली," थोरली घोट्यावरचा हात न काढता म्हणाली. "मला खरंच झोप लागली होती. आजची मात्र आली होती."

धाकटीच्या सायकलचं वर आलेलं चाक वाऱ्याने आपलं आपण फिरत होतं.

"तुमची मान वळली होती," धाकटी म्हणाली. "दिसली मला." मग खाली बघून हळू आवाजात म्हणाली, "तेव्हाचं मी उगीच बोलले."

हे वाक्य ऐकायला थोरली वर्षभर थांबली होती. त्यावर काय काय सुनावायचं, तेही मशीनवर उभं राहून हजारदा घोकलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवेना, आणि आठवला असता तरी उचलवला नसता.

"ऊठ," ती म्हणाली. "भार माझ्यावर टाक."