पांढरा बर्फ अर्धाच धरायचा

जानेवारीतल्या एका सकाळी थोरा एनारसन नावाच्या बाईंनी आमच्या प्रोग्रॅमसाठी बदल पाठवला आणि मी तो दहा मिनिटांत परत पाठवला.

आमचा प्रोग्रॅम साधा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून रस्ते काढतात. तिथल्या बर्फाची जाडी टाकली की किती टनांची गाडी जाऊ शकते ते तो सांगतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातली नऊ गावं तो वापरत होती. कोड सगळ्यांना खुला. कोणीही त्याची ब्रांच काढावी, म्हणजे मूळ कोडला हात न लावता बाजूला आपली वेगळी प्रत घ्यावी, तिच्यात बदल करावा आणि तो मूळ कोडमध्ये घ्या म्हणून विचारावं. घ्यायचा की नाही ते मी ठरवायचो. आठ वर्षं एकटा मीच.

थोराबाईंच्या ब्रांचमध्ये एक्केचाळीस फायली बदललेल्या. कुठे नावं बदललेली, कुठे शुद्धलेखन सुधारलेलं, मधेच कुठेतरी गणितसुद्धा. मी लिहिलं, 'एका ब्रांचमध्ये एकच काम. हे तपासता येणार नाही.'

दुपारी फोन वाजला.

"डेसमंड फेर ना? मी थोरा, गिमलीहून. त्रेसष्टाव्या वर्षी शिकले मी हे, तीन आठवडे डोकेफोड करून. वाचलंत तरी का?"

"एक्केचाळीस फायली कोण वाचणार, बाई?"

"बरं. एक वाचाल?" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवी ब्रांच आली. एकच फाईल, अकरा ओळी. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की खालचा निळा, काचेसारखा बर्फ पूर्ण धरावा, पण वरचा पांढरा, पडलेला भुसभुशीत हिम भिजून गोठलेला थर निम्माच धरावा, कारण त्यात ताकद निम्मी असते. आमचा प्रोग्रॅम सगळी जाडी सरसकट मोजत होता. ती ओळ मी स्वतः लिहिलेली. मला ते झोंबलं. मी एकच शब्द लिहिला, 'पुरावा?'

उत्तर आलं, 'तळ्यावर या. बूट नीट घाला.'

शनिवारी विनिपेगहून गाडी काढली. थोराबाई गिमलीला तळ्याच्या किनाऱ्यावर उभ्या होत्या, सोबत त्यांचे शेजारी मोईझ डुशार्म, हातात बर्फ कापायचं यंत्र. बाईंनी आयुष्यभर रस्ते खात्यात बर्फ मोजलेला, मोईझनी त्याच रस्त्यांवर ट्रक चालवलेला.

"हाच का तो परत पाठवणारा?" मोईझनी विचारलं.

"हाच. सांभाळून बोल, तुलाही परत पाठवेल."

त्यांनी बर्फाचा एक उभा ठोकळा कापून काढला. वरचा भाग दुधासारखा, बुडबुड्यांनी भरलेला, खालचा पारदर्शक. मोईझनी हातोडीचा हलका ठोका दिला. दुधाळ भागाचा चुरा झाला, खालचा तसाच राहिला. हातमोजा काढून त्यांनी तो खालचा तुकडा मला दिला तेव्हा दिसलं, डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

मी बघतोय हे थोराबाईंच्या लक्षात आलं.

"बावीस वर्षांपूर्वी मी साठ सेंटिमीटर लिहिलं," त्या म्हणाल्या. "त्यातला पंचवीस पांढरा होता. दिसला होता मला. फॉर्मवर रकाना एकच होता, म्हणून लिहिला नाही. याचा बारा टनांचा ट्रक गेला खाली."

"मी वर आलो ना," मोईझ म्हणाले. "दर हिवाळ्यात हेच रडगाणं! चला, कॉफी गार होतेय."

थोराबाईंच्या स्वयंपाकघरात, विनारतेर्ता या थरांच्या आइसलँडी केकची बशी बाजूला सरकवून, आम्ही लॅपटॉप उघडला. थोराबाईंचा बदल मूळ कोडमध्ये घेताना कॉम्प्युटर अडला. माझ्या ब्रांचमध्ये मी त्याच ओळींची नव्याने मांडणी केली होती आणि ती आठवड्यापूर्वीच मूळ कोडमध्ये घातली होती. आता त्याच ओळी दोन तऱ्हांनी लिहिलेल्या, एकाखाली एक, आणि निवड आम्ही करायची.

"माझी काढून टाकतो," मी म्हणालो.

"कशाला? मांडणी तुझी चांगली आहे, राहू दे. निम्मं मात्र माझं." त्या एव्हाना मला अरे-तुरे करू लागल्या होत्या.

दोन्ही जुळवून लिहिलं. मग त्यांनी एक चाचणी जोडली. पांढरा पंचवीस, निळा पस्तीस, ट्रक बारा टन. उत्तर 'नाही' यायला हवं. पुढे कोणी तो हिशेब बिघडवला, तर ही चाचणी त्याला अडवणार. जुन्या कोडवर चालवून पाहिली: 'जाऊ द्या.' नव्यावर: 'नाही.'

मोईझनी पडद्याजवळ वाकून ते 'नाही' वाचलं. "वेळेवर सांगितलंस," कॉम्प्युटरला म्हणाले, आणि पहिल्यांदा थोराबाई हसल्या.

बदल मूळ कोडमध्ये गेला. मी नऊही गावांना कळवलं. पुढच्या आठवड्यात एका गावच्या रस्तेप्रमुखाचा फोन आला. तेलाचा टँकर आता अर्धाच भरून पाठवावा लागतो, दुप्पट फेऱ्या, कोणाच्या डोक्यातून हे निघालं? मी म्हणालो, चूक आठ वर्षं माझी होती. त्याने मनसोक्त शिव्या घातल्या, मग विचारलं, "पांढरा मोजायचा कसा, ते शिकवाल का कोणी?"

मी त्याला थोराबाईंचा नंबर दिला.