सुकल्या पातीचं माप

मातीचा साचा फुटायचा तेव्हा आधी 'ढब्ब' असा आवाज यायचा. मग हातोडी आतल्या धातूला टेकली की बारीकसा 'टण'. जुन्या दिवसांतलं मला सगळ्यात आधी आठवतं ते हेच.

मी व्हाइस बोलतोय. लोखंडाचा, दोन जबड्यांचा, बाकाला चार बोल्टांनी आवळलेला. कारागीर वस्तू माझ्या तोंडात धरतो, दांडा फिरवून मला घट्ट करतो आणि मग निवांत घासतो, कापतो. तोंड सदा भरलेलं, त्यामुळे बोलायची सवय नाही. सावकाश सांगेन.

माझं तरुणपण कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला गेलं, देवांच्या मूर्ती ओतणाऱ्या कारखान्यात. साच्यातून निघालेली मूर्ती ओबडधोबड असते. तिला घासून गुळगुळीत करायचं काम एकोजीचं. तो मेलकावेरीत राहणारा, तंजावरी मराठी घरातला. बाहेर सगळ्यांशी तमिळ, माझ्याशी मात्र घरची मराठी. "धर रे बाबा नीट, देवाचा हात आहे," असं म्हणत कानस चालवायचा. मी धरायचो. चाळीस वर्षं आम्ही तसे समोरासमोर होतो.

पुढे घासायची यंत्रं आली. मला गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि एकोजी घरी बसला. गंज चढतो तो पाण्यानं, असं लोक समजतात. रिकामं राहिल्यानंही चढतो.

तीन वर्षांपूर्वी कुंभकोणमच्या एका शाळेतल्या सुष्मिता टीचर कारखान्यात आल्या. मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी दर शनिवारी हातानं यंत्रं बनवायचा वर्ग त्यांनी काढला होता. त्यांनी मला मागून नेलं, आणि माझ्यामागोमाग एकोजीलाही. मुलं त्याला तात्ता म्हणतात, म्हणजे आजोबा. माझ्या जबड्यात देवांच्या जागी सायकलीचे पार्ट आले. मला काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्गात अकरावीतली अक्षया आहे, इन्नंबूरची. तिची आई दिवसभर कमरेत वाकून भातातलं तण काढते. अक्षयानं उभ्यानं ढकलायचं कोळपं करायला घेतलं. लांब दांडा, खाली दोन लोखंडी पायांचा चिमटा, आणि चिमट्यात फिरणारा दातेरी रूळ. तिचे वडील रामलिंग यांना हे शनिवार मुळीच पसंत नव्हते.

"अप्पा म्हणतात, लोखंड घासून तण निघत असेल तर दाखव," ती एकदा सांगत होती. "नाही निघालं तर शनिवार बंद. आईबरोबर शेतात यायचं."

चिमटा तयार झाला तेव्हा दोन पायांमधलं अंतर मोजायचं होतं. टीचरनी पोलादी टेप पुढे केला. एकोजीनं तो हळूच बाजूला सारला आणि नारळाची हिरवी पात चिरली. स्वामीमलैत मूर्तीचं माप असंच घेतात. पात उंचीएवढी कापायची, घड्या घालायच्या. कुठली घडी मुखाची, कुठली गुडघ्याची, ते हातांना ठाऊक असतं.

"आकड्यापेक्षा पात बरी," तो म्हणाला. "जपून ठेव, कण्णू."

कण्णू म्हणजे लाडानं 'बाळ'. अक्षयानं पात वहीत ठेवली. चिमटा दांडा बसवायला गावी गेला. पुढच्या शनिवारी तिनं त्याच पातीवर रूळ जिच्यावर फिरतो ती सळई मापली, मी धरली, तिनं कापली. रविवारी कोळपं शेतात उतरलं. तिसऱ्या पावलाला रूळ निसटला आणि चिखलात रुतून बसला.

त्याच्या पुढचा शनिवार उजाडला. अक्षया कोळपं घेऊन आली ती मान खाली घालूनच. दुपारी वडील तिला वर्गातून कायमचं न्यायला येणार होते.

"तुला कापताच येत नाही," वर्गातला सूर्या म्हणाला. "रुळाला घरी जायची घाई झाली असेल."

"तुझ्या पंख्यानं वारा दिला का अजून?" ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता. "माझाच हात चुकला असेल, तात्ता."

एकोजीनं बाहेर जाऊन नवी पात आणली, चिमट्याला लावून कापली आणि वहीतल्या पातीशेजारी माझ्या जबड्यावर ठेवली. जुनी पात तांदळाच्या दाण्याएवढी आखूड होती. त्याचा हात माझ्या दांड्यावर होता. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं.

"इकडे या सगळे," तो म्हणाला. "हिचा हात चुकला नाही. पात सुकली की आखडते, म्हणून सळईही आखूड कापली गेली. कारखान्यात सकाळी तोडायचो, संध्याकाळी टाकायचो. आठवडाभर ठेवायची वेळच कधी आली नाही. मला सुचलं नाही." मग अडखळत म्हणाला, "आणि टेप नको म्हणालो, कारण त्यावरचं मला वाचता येत नाही."

सूर्यासुद्धा हसला नाही.

अक्षयानं टेप ओढून माझ्यावर धरला. "ही मोठी रेघ एक, तात्ता. मधल्या बारक्या दहा. मोजा."

"हळू सांग. तिसरीत सोडली शाळा."

त्यानं बोट ठेवत मोजलं. मग चिमट्याचा एक पाय माझ्या तोंडात दिला. अक्षयानं दांडा आवळला, दोघांनी मिळून जोर लावला आणि पाय दाण्याएवढा आत वळला. या वेळी सळईशी माप जुळलं.

तुमच्या गावच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात पडला असेल. त्याला थेंबभर तेल द्या आणि मुलांच्या हाती द्या. ती चुकतील. त्यांच्यासमोर आपलीही चूक सांगता येईल असं कुणी म्हातारं माणूस जवळ असू द्या. एवढंच माझं मागणं.

रामलिंग आले. एकोजीकडे, माझ्याकडे, लेकीकडे बघितलं. कोळपं उचललं, रूळ बोटानं फिरवला. दारापलीकडे नळाचं पाणी साचून दलदल झाली आहे, तिथे गवत माजलंय. त्यांनी धोतर खोचलं आणि कोळपं ढकललं. गेले, आले. पुन्हा गेले. मागे गवत उपटून उताणं पडत होतं. त्यांची पाठ ताठ होती.

"अप्पा, निघू?" अक्षयानं पिशवी खांद्याला लावली.

त्यांनी नळाखाली रूळ धुतला. परत आत आले, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या बाकावर ठेवली, कोळपं खांद्यावर घेतलं आणि एकटेच इन्नंबूरच्या वाटेनं चालू लागले.