अंड्यातलं रक्त

अकलोलीच्या गरम कुंडातलं पाणी, कळशीभर.

चुलीशेजारी टोपली. टोपलीत अंडी, पुनवेची वाट बघत.

भिवंडीहून लूमवरची शिफ्ट करून आलेला माणूस. केसांत कापसाचे तंतू.

काठ्या.

१९७४. पडघ्याजवळचं गाव. गुणाबाई या विधवेच्या अंगणात सगळं गाव काठ्या घेऊन उभं होतं.

तिचा शेजारी, लूमवाला बाळाराम, याने खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवलेली सगळी अंडी नासली होती. आता करणी कोणाची ते शोधायला नवशा भगताने गुणाबाईच्या कोंबडीखालून अंडं ओढून काढलं.

"बोल देवी आई! पिल्लं कुनी गिळली? पाताळातनं बोल!"

नवशाने अंडं ताटलीत फोडलं. बलकावर रक्ताच्या रेघा पसरल्या होत्या.

"भुताळी हाय ही! बाळारामच्या पिल्लांचं रगत हितं लपवलंय!"

"मी कायबी न्हाय केलं, दादा," गुणाबाई बाळारामला म्हणाली.

बाळारामने काठी घट्ट धरली.

"थांबा!" शाळेतून धावत आलेले केसरीनाथ गुरुजी म्हणाले. "नवशा, तुझीही कोंबडी बसलीय ना? तिचं एक फोडू."

"देवाच्या घरचं अंडं? हात झडतील!"

"माझे झडतील. तू का घाम पुसतोस?"

कोणीतरी हसलं.

अंडं आणलं. फोडलं. तशाच रेघा. मधोमध एक लाल ठिपका धडधडत होता.

"मंग नवशाबी भुताळा काय रं?" एका म्हातारीने विचारलं.

"कोणीच नाही," गुरुजी म्हणाले. "अंड्यात पिल्लू वाढायला लागलं की रक्ताच्या शिरा दिसतातच. गुणाबाईने अंडं ताजंच कोंबडीखाली ठेवलं, म्हणून त्यात जीव धरला. बाळाराम, तुझी अंडी कुठे होती?"

"पुनवेपतोर चुलीपाशी. मंग भगत बोलला म्हनून कुंडाच्या पान्यानं घासून धुतली."

"धगीने आणि शिळेपणाने जीव आधीच गेला. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांवरचा थर तू घासून काढलास. घाण आत शिरली."

नवशा ताटली तिथेच टाकून निघाला. काठ्या खाली आल्या. कोणी काठी टाकली मात्र नाही.

भुताळीची खूण दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा: हीच खूण तुझ्या घरी शोधू दे.

त्याच्या आदल्याच वर्षी पलीकडच्या पाड्यावर राहीबाई नावाच्या बाईला अंड्यातलं रक्त दाखवून ठेचून मारलं. तिथे दुसरं अंडं कोणी फोडलं नव्हतं.