ओटीवरची मच्छरदाणी

तुळजाबाईंनी मच्छरदाणीची शेवटची दोरी ओटीच्या खांबाला आवळली आणि त्या मागे वळल्या न वळल्या तोच मालोजींनी ती सोडली.

"अवो, काय करता?"

"आत बांधतो. तुझ्या अंथरुणावर."

"ताप तुमाला आलावता का मला?"

"आलावता. गेला. आता मला चावून डासाला काय मिळनार हाय?"

त्यांनी मच्छरदाणी खांद्यावर टाकली आणि माजघरात नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी ती पुन्हा ओटीवर आणली. मग हे रोजचंच झालं. शेजारचा भिकू म्हणालासुद्धा, "दादा, तिला चाकं लावा आता."

मालोजी गोधड्यांखाली कुडकुडत पडले होते, तेव्हा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेने, अक्षदाने, बोटातून रक्त घेतलं. मलेरिया निघाला. गोळ्या देऊन तिने औषध लावलेली ही मच्छरदाणीही दिली. घरटी एकच आली होती, पण चांगली ऐसपैस. दोघं सहज झोपली असती. मात्र विनीतचं लग्न झालं, घरात सून आली, तेव्हा मालोजींनी आपलं अंथरूण ओटीवर नेलं होतं. पुढे विनीत एमआयडीसीत लागला आणि बायकोला घेऊन महाडला राहायला गेला. अंथरूण ओटीवरच राहिलं. आत या, हे तुळजाबाईंना कधी तोंडाने बोलता आलं नाही. मालोजींनीही विचारलं नाही.

शेतात भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. बांधावरचं गवत कापता कापता तुळजाबाईंना थंडी भरली आणि त्या तिथेच बसल्या. दात वाजायला लागले. मालोजींनी त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. गावातली माणसं बघत होती, तरी त्यांनी हात सोडला नाही.

अक्षदाने रक्त तपासलं. "काकींनाही तोच. काका, तुमच्या गोळ्या पूर्ण झाल्या ना?"

मालोजींनी खाली पाहिलं. उरलेल्या गोळ्या फळीवर तशाच होत्या.

"ताप गेला म्हणजे मलेरिया गेला असं नसतं," अक्षदा म्हणाली. "तुम्हाला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावतो. काकींना तुमच्याकडूनच आला असेल. हसण्यावारी नेऊ नका. अजून जगात वर्षाला लाखो माणसं जातात याने. त्यात लहान पोरंच जास्त."

"माझ्यापासून?" मालोजींनी विचारलं.

दिवेलागणीला तुळजाबाईंनी डोळे उघडले, तर मालोजी ओटीवरचं अंथरूण काखेत घेऊन दारात उभे होते.

"अक्षदा बोलली, दोघांनी एकाच मच्छरदाणीत झोपायचं," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

तुळजाबाई ग्लानीतच जरा पलीकडे सरकल्या. "कडा नीट खोचा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर गोळी चुकली नाही. मालोजी रोज आधी त्यांच्या हातावर गोळी ठेवत, पाण्याचा तांब्या पुढे करत, मग स्वतःची घेत. तुळजाबाईंच्या अंगात हळूहळू बळ आलं. त्या पुन्हा चुलीपाशी बसू लागल्या.

एके सकाळी अक्षदा मागच्या दाराने आली. तिच्या हातात नवी कोरी मच्छरदाणी होती.

"काकी, जास्तीच्या आल्यात. ही काकांना वेगळी."

"आता कशाला गो? तूच बोललीस ना, दोघांनी एकीतच झोपायचं."

"मी? मी म्हटलं, दोघांनीही मच्छरदाणीत झोपायचं. एकीतच, असं कुठे म्हटलं?"

तुळजाबाईंनी भाकरी उलटली. मग पदराने तोंड पुसलं, पण हसू लपलं नाही.

"ही भिकूकडं दे," त्या म्हणाल्या. "त्याची नात अजून रांगते."

अक्षदा गेली. ओटीवर मालोजी दोर वळत बसले होते. तुळजाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"काय आनलंवतं तिनं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दुसरी मच्छरदानी. तुमाला वेगळी."

मालोजींचे हात थांबले. "मग?"

"परत दिली. मी बोलले, आमी एकीत मावतो."

मालोजींनी घातलेला पीळ उलगडला आणि पहिल्यापासून पुन्हा घालायला घेतला.